नदी गोठवायची आहे, पण नियम न मोडता: कथेतील जादूच्या व्यवस्थेविषयी मदत हवी

(चर्चेतील प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

कोरी वही

मी एक दीर्घ अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिच्या जगात जादू आहे, पण ती मनाला येईल तशी चालू नये आणि पात्रांना ठरलेल्या नियमांच्या आतच मार्ग काढावा लागावा, असा माझा आग्रह आहे. या जादूला कथेत ‘वहनविद्या’ म्हणतात आणि ती जाणणाऱ्याला ‘वाहक’. वाहकाला उष्णता निर्माण करता येत नाही किंवा नष्टही करता येत नाही. तो ती एका वस्तूतून काढून दुसऱ्या वस्तूत घालू शकतो, एवढेच. त्या दोन्ही वस्तूंना त्याने पूर्वी कधीतरी उघड्या हाताने स्पर्श केलेला असला पाहिजे. मग त्या कितीही दूर असल्या तरी चालते. वाहून नेलेल्या उष्णतेचा दहावा हिस्सा वाटेत त्याच्या स्वतःच्या शरीरात उतरतो आणि नेहमीच्या मार्गाने बाहेर पडेपर्यंत त्याच्या अंगात ताप म्हणून राहतो. मंत्र, छडी, घराण्याचा वारसा यांपैकी काहीही या जगात नाही.

कथेच्या शेवटाकडे असा प्रसंग आहे की, नदीच्या एका काठावर तीनशे माणसे अडकली आहेत, पाठीमागून सैन्य येत आहे, नावा जाळून टाकलेल्या आहेत आणि हाताशी एकच रात्र आहे. नायिका वाहक आहे. ती नदीवर बर्फाची वाट तयार करते आणि माणसे पार होतात. नदीची रुंदी मी सुमारे ५० मीटर धरली आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा प्रसंग माझ्याच नियमांत बसतो का? बसत नसेल, तर नियम सैल करावा की प्रसंग बदलावा? आणि हे सर्व नियम वाचकाला केव्हा, किती आणि कोणाच्या तोंडून सांगावेत?

शून्याखाली

तुमची विद्या उष्णतेची असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशोबाने देता येते, आणि ही मोठी सोय आहे. बहुतेक काल्पनिक जादूंच्या बाबतीत असा हिशोब मांडण्याची शक्यताच नसते.

माणसाला चालण्यासाठी साधारण १० सेंटीमीटर जाडीचा चांगला, अखंड बर्फ लागतो. वाट २ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब धरली, तर १० घनमीटर, म्हणजे साधारण ९ टन बर्फ होतो. शून्य अंशावरील १ किलो पाण्याचा बर्फ करताना त्यातून सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ही रक्कम किती मोठी आहे ते कळावे म्हणून सांगतो: तेवढ्याच उष्णतेत १ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत जाते. नदीचे पाणी १० अंशांवर असेल तर ते आधी शून्यावर आणण्याचा खर्च वेगळा. सगळे मिळून सुमारे ३४ लाख किलोज्यूल उष्णता हलवावी लागेल आणि तुमच्या नियमाप्रमाणे त्यांपैकी ३ लाख ४० हजार किलोज्यूल वाहकांच्या अंगात उतरेल.

आता शरीराची बाजू पाहू. ७० किलो वजनाच्या माणसाचे तापमान १ अंशाने वाढवण्यासाठी साधारण २४५ किलोज्यूल पुरतात. ३७ अंशांवरून ४० अंशांपर्यंतचा ताप सहन करायचा ठरवला, तर त्याच्या अंगात सुमारे ७३५ किलोज्यूल एवढीच जागा आहे. म्हणजे हे काम एका झटक्यात करायचे असेल, तर साडेचारशेहून अधिक वाहक लागतील. एकट्या नायिकेने केले, तर पहिल्याच हातभर बर्फानंतर कथा संपेल.

परंतु तुम्ही एक अख्खी रात्र दिली आहे आणि ‘नेहमीच्या मार्गाने’ असे नियमातच म्हटले आहे. मला वाटते, या दोन शब्दांत तुमची सुटका आहे. १ लिटर घाम अंगावरून पूर्णपणे सुकला, तर तो जवळजवळ २,४०० किलोज्यूल घेऊन जातो. कष्ट करणाऱ्या माणसाला तासाला सुमारे १ लिटर घाम येऊ शकतो. दहा तासांत दहा लिटर, म्हणजे २४ हजार किलोज्यूल. या वेगाने साडेचारशेच्या जागी साधारण १४–१५ वाहक पुरतात. त्यांना रात्रभर पाणी पाजावे लागेल, आणि पाण्याबरोबर मीठही द्यावे लागेल. इतका घाम गेल्यावर नुसते पाणी पीत राहणे जिवावर बेतू शकते. तेव्हा तुमच्या निर्णायक प्रसंगात तलवारींपेक्षा घागरी आणि मिठाच्या पुड्या अधिक महत्त्वाच्या ठरतात. शिवाय हवा दमट असेल तर घाम सुकणार नाही, आणि मग हवामान हेच शत्रूचे सर्वात मोठे हत्यार होईल.

काढलेली उष्णता कोठे टाकायची, हेही ठरवावे लागेल. यासाठी स्फोट किंवा उकळते कुंड दाखवण्याची गरज नाही. प्रत्येक बाजूने सुमारे ७ मीटर असलेला एकच कातळ साधारण हजार टनांचा असतो आणि ही सारी उष्णता त्यात घातली तरी तो जेमतेम चार-साडेचार अंशांनी तापतो. पहाटे त्याला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याला तो किंचित कोमट लागेल, इतकेच. मला स्वतःला हे दृश्य ज्वालामुखीपेक्षा अधिक आवडेल.

एक आक्षेप मात्र नोंदवतो. उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते; उलट दिशेने न्यायची तर काम करावे लागते, आणि तापमानातला फरक जितका मोठा तितके ते काम वाढते. तुमच्या नियमांत याची किंमत कोणीच मोजत नाही. ती भुकेच्या रूपाने मोजायला लावा, अशी माझी सूचना आहे. कातळ नदीपेक्षा सरासरी १५ अंशांनी गरम धरला, तर या वाटेसाठी किमान लागणारे काम एका माणसाच्या सुमारे २२ दिवसांच्या अन्नाएवढे भरते. तीच उष्णता १०० अंशांवरच्या वस्तूत ढकलायची म्हटले तर जवळजवळ १५० दिवसांच्या अन्नाएवढे. (दिवसाला २,००० किलोकॅलरी धरल्या आहेत आणि अन्नातील सर्व ऊर्जा कामी येते असे मानले आहे, म्हणून प्रत्यक्षात याहून अधिकच लागेल.) पंधरा वाहकांत पहिली रक्कम वाटली जाऊ शकते, दुसरी नाही. या एका नियमाने हुशार वाहक आणि नुसता बलवान वाहक यांच्यात फरक पडतो: हुशार वाहक मोठी आणि गार वस्तू शोधतो.

अर्धविराम

वरचा हिशोब वाचून आनंद झाला, पण मी तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते कादंबरी तेथेच तरते किंवा बुडते.

अमेरिकी अद्भुतरम्य कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली मांडलेले एक सूत्र या चर्चांत वारंवार येते: जादूने संकट सोडवायचे असेल, तर ते वाचकाला जितक्या प्रमाणात पटेल, तितकी ती जादू त्याला आधी समजलेली असली पाहिजे. हे सूत्र अनेक जण चुकीच्या अर्थाने घेतात आणि पहिल्या तीन प्रकरणांत नियमांची पाठ्यपुस्तके लिहितात. त्यात संकट सोडवण्याची अट आहे. संकट निर्माण करणाऱ्या जादूला ती लागू होत नाही. शत्रूने केलेली एखादी गोष्ट वाचकाला समजली नाही, तर त्याला भीती वाटते आणि तसे वाटणे इष्टच असते. नायिकेने केलेली गोष्ट समजली नाही, तर त्याला फसवणूक वाटते. म्हणून तुमच्या पाच-सहा नियमांपैकी शेवटच्या रात्री ज्यांच्यावर भार पडणार आहे, तेवढेच आधी दाखवा: दहाव्या हिश्श्याचा ताप, घामाने उतरणारा तो ताप, आणि मोठ्या गार वस्तूचा फायदा. तेही सांगू नका, घडवा. एखाद्या सुरुवातीच्या प्रकरणात शिकाऊ वाहकाने घाईने मोठा हंडाभर दूध उकळावे आणि दोन दिवस अंथरुणाला खिळावे. वाचक नियम पाठ करत नाही, पण कोणाला काय भोगावे लागले ते विसरत नाही.

आपल्या जुन्या कथांत नियमबद्ध अद्भुताची कमतरता नाही, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. हिरण्यकशिपूचा वर म्हणजे अटींची यादी आहे आणि संपूर्ण कथा त्या यादीतील फट शोधण्याची आहे. उंबरठा, संध्याकाळ आणि मांडी यांना तेथे जे महत्त्व येते ते केवळ नियमामुळे. विश्वामित्राचे तप म्हणजे साठवलेली पुंजी आहे, ती खर्च होते, आणि प्रत्येक क्रोधानंतर त्याला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. पण लेखकाने सर्वात बारकाईने पाहावा असा प्रसंग सौप्तिक पर्वातील आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही अस्त्र सोडू शकतात. अर्जुन ते मागे घेऊ शकतो, अश्वत्थाम्याला ते जमत नाही, आणि मागे घेता येत नाही म्हणून तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो. सगळी भीषणता ‘सोडता कसे येते’ यात नसून ‘थांबवता येते का’ यात आहे.

तुमच्या नियमांत नेमकी हीच जागा रिकामी आहे. वहन सुरू कसे होते ते तुम्ही सांगितले, पण मध्येच थांबवले तर काय होते? वाटेतली उष्णता कोठे जाते? वाहक बेशुद्ध पडला तर वहन थांबते, की तो मरेपर्यंत चालू राहते? माझा सल्ला असा की, थांबवणे हे सुरू करण्यापेक्षा कठीण ठेवा आणि त्यासाठी वेगळा सराव लागतो असे दाखवा. म्हणजे पंधरा वाहकांपैकी ज्या तिघा-चौघांना थांबता येत नाही त्यांना नदीवर न्यायचे की नाही, हा निर्णय नायिकेवर येईल, आणि तो कोणत्याही सूत्राने सुटणार नाही.

नियम सैल करण्याविषयी विचारलेत, तर माझे मत स्पष्ट आहे: शेवटच्या प्रकरणात सैल केलेला नियम मागच्या सर्व प्रकरणांना खोटे पाडतो. प्रसंग बदला.

काठावरचा

मी वाचक म्हणून अशा व्यवस्थांत आधी चोरवाटा शोधतो, आणि मला तुमच्या व्यवस्थेत दोन मोठ्या सापडल्या आहेत.

पहिली चोरवाट स्पर्शाची. ज्याला एकदा हात लावला त्यातून कितीही अंतरावरून उष्णता काढता येत असेल, तर माणूसही एक वस्तूच आहे. हृदयाचे वजन साधारण ३०० ग्रॅम असते; ते १० अंशांनी थंड करायला जेमतेम १० किलोज्यूल लागतील आणि वाहकाच्या वाट्याला केवळ १ किलोज्यूल ताप येईल. म्हणजे नदी गोठवण्यास पंधरा माणसांची रात्र लागते आणि राजाला मारण्यास एका हस्तांदोलनानंतरचा एक क्षण पुरतो. मग तीनशे माणसे पळतील कशाला? सेनापतीला लहानपणी सांभाळणारी दाई शोधून काढतील.

यावर ‘सजीवांवर विद्या चालत नाही’ असे लिहून मोकळे होणे सोपे आहे, आणि बहुतेक लेखक तसेच करतात. मला तो उपाय आळशी वाटतो, कारण त्यामागे कारण नसते. शिवाय तुमच्या वाहकाच्या स्वतःच्या शरीरात उष्णता उतरते, तेव्हा सजीव अपवाद आहेत असे म्हणताही येत नाही. त्यापेक्षा ‘वस्तू’ म्हणजे काय, याची व्याख्या करा. वाहकाने हात लावला तो त्वचेला, हृदयाला नाही. ज्या पृष्ठभागाला स्पर्श झाला त्याच्याशी एकसंध असलेल्या संपूर्ण वस्तूतूनच उष्णता सारख्या प्रमाणात निघते आणि तिचा निवडक भाग वेगळा काढता येत नाही, असा नियम केला, तर माणूस मारण्यासाठी संपूर्ण शरीर थंड करावे लागेल. ३७ अंशांवरून २७ अंशांवर आणायचे तर सुमारे २,४५० किलोज्यूल काढावे लागतील आणि २४५ किलोज्यूल स्वतःच्या अंगात घ्यावे लागतील. खून शक्य राहील, पण मारणाऱ्याला १ अंशाचा ताप चढेल. आता तुमच्या जगातील न्यायव्यवस्थाही तयार झाली: राजवाड्यात मृत्यू झाला की सर्व वाहकांच्या कपाळाला हात लावून पाहतात. कोण कोणाला स्पर्श करू शकतो, दरबारात हातमोजे सक्तीचे आहेत का, वाहकाशी लग्न करणाऱ्याला लोक वेडा म्हणतात की शूर, हे सारे त्या एका नियमातून आपोआप निघते. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी जादूविषयक समजुतींत जे दोन नियम वेगळे काढले, त्यांतला एक स्पर्शाचाच आहे: एकदा एकमेकांच्या संपर्कात आलेल्या गोष्टी दूर गेल्यावरही एकमेकांवर परिणाम करत राहतात. तुमचा नियम वाचकाला चटकन पटेल तो त्यामुळेच, पण त्यामुळेच त्याची धार सर्वात आधी तपासायला हवी.

दुसरी चोरवाट नदीचीच आहे. नायिकेने कालच्या दुपारी ज्या पाण्याला हात लावला ते पाणी आता कित्येक कोस खाली गेलेले आहे. मग ती गोठवते ते काय? नदी ही एक वस्तू मानली, तर उगमापासून मुखापर्यंतचे सारे पाणी तिच्या हाताखाली येते. आणि ज्याने एकदा समुद्रात पाय बुडवून हात ओले केले, त्याला पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा सर्वात मोठा उष्णतेचा साठा कायमचा मिळाला. अशा जगात थंडीने कोणी मरणार नाही, सरपण विकले जाणार नाही, आणि तुमच्या कथेतील गरिबीची कारणे कोसळतील. उलट, पाण्याचा प्रत्येक घोट वेगळी वस्तू मानला, तर वाहकांना रात्रभर हात पाण्यातच ठेवावे लागतील. मला दुसरा पर्याय पसंत आहे, कारण त्यात माणसे नदीत उतरतात. मात्र तसे केल्यास घामाचा हिशोब बदलेल.

कोरी वही

तिन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. प्रसंग बदलायचा आणि नियम तसेच ठेवायचे, हे आता निश्चित केले आहे. भुकेचा नियम मी घेत आहे. एकसंध वस्तूची व्याख्याही घेत आहे, कारण तिच्यामुळे कातळालाही अर्थ येतो: तडा गेलेला कातळ म्हणजे दोन वस्तू, आणि नायिकेने त्यांपैकी कोणत्या अर्ध्याला हात लावला होता हे तिला आठवावे लागेल. थांबवण्याचा नियम मात्र मी थोडा वेगळा करू इच्छितो. वहन थांबवता येते, पण त्या क्षणी वाटेत असलेली उष्णता सगळीच्या सगळी वाहकात उतरते, दहावा हिस्सा नव्हे. म्हणजे हळू वाहणाऱ्याला थांबणे परवडते आणि घाई करणाऱ्याला नाही.

आता राहिलेला प्रश्न असा: वाहक नदीत छातीभर पाण्यात उभे राहिले, तर त्यांचा ताप पाण्यात जाईल की नाही? गेला, तर पंधराऐवजी पाच जणांत काम भागेल का? मला संख्या शक्य तितकी कमी हवी आहे, कारण पंधरा पात्रे एका प्रकरणात जिवंत करणे माझ्या आवाक्याबाहेरचे वाटते.

शून्याखाली

ताप जाईल. पाणी स्थिर हवेच्या सुमारे २४ पट चांगल्या प्रकारे उष्णता वाहून नेते, त्यातून हे पाणी वाहते आहे, तेव्हा अंगाभोवती सतत नवे गार पाणी येत राहील. पण पाण्याखालच्या त्वचेवरचा घाम सुकत नाही, म्हणून दोन्ही फायदे एकाच वेळी पूर्णपणे मिळणार नाहीत. शिवाय गार पाण्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतला ताप आतच अडकू लागतो. बाहेरून हात-पाय बधिर आणि आतून ४० अंश, अशी विचित्र अवस्था होईल. तिचे वर्णन तुमच्या हातून चांगले होईल असे वाटते. त्यामुळे पाच जणांत काम भागेल असे मी म्हणणार नाही. दहा म्हणा.

संख्या कमी करायची असेल, तर वाहकांऐवजी वाट कमी करा. तीनशे माणसे एका रांगेत जाणार असतील, तर २ मीटर रुंदी कशाला हवी? १ मीटर पुरेल, आणि सगळा खर्च सरळ निम्म्यावर येईल: बर्फ साडेचार टन, वाहक पाच ते सात. नद्या निसर्गतःही काठाकडून मध्याकडे गोठत जातात, कारण काठाशी पाणी संथ असते. तेव्हा बर्फ दोन्ही काठांना घट्ट धरून आत वाढवावा लागेल, नाहीतर प्रवाह तो उचलून नेईल. याचा अर्थ पुरेसे वाहक आधीच पलीकडच्या काठावर असले पाहिजेत. नावा जळालेल्या आहेत, म्हणजे त्यांना पोहून जावे लागेल, आणि घागरी व मीठ तर अलीकडच्या काठावरच राहिले.

तुमच्या नव्या थांबण्याच्या नियमाविषयी एक शंका आहे. ‘वाटेत असलेली उष्णता’ म्हणजे किती क्षणांची? अंतर कितीही असले तरी वहन तत्काळ होत असेल, तर वाटेत काहीच नसते आणि नियम पोकळ ठरतो. अंतराप्रमाणे वेळ लागत असेल, तर कातळ जितका दूर, तितके थांबणे महाग. तो कातळ नदीपासून किती लांब आहे, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.